कमरेचे पिस्तूल आणि परवान्याचा कागद

अमेरिकेतील टेक्सस राज्यात १ सप्टेंबर २०२१ रोजी एक कायदा अमलात आला. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि शस्त्र बाळगण्यास अन्य कोणत्याही कारणाने अपात्र न ठरलेल्या माणसास कमरेला पिस्तूल लावून भर रस्त्यात हिंडण्यासाठी यापुढे सरकारी परवान्याची गरज नाही, असे या कायद्याने ठरविले. त्यापूर्वी असा परवाना मिळविण्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत, पूर्वचरित्राची चौकशी होई, काही तासांच्या वर्गास बसावे लागे आणि निशाण्यावर गोळ्या झाडून आपला हात कितपत स्थिर आहे हे परीक्षकास दाखवावे लागे. परवान्याची सोय अजूनही आहे. ज्यास हवा त्याने तो घ्यावा. मात्र ज्यास नको त्याने तो घेण्याचे कारण उरले नाही. मोटार हाकण्यासाठी परीक्षा द्यावी लागते, दुसऱ्याची हजामत करण्यासाठीदेखील त्या राज्यात परवाना काढावा लागतो; परंतु भरलेले पिस्तूल घेऊन गर्दीत शिरण्यासाठी तो लागत नाही, अशी ही स्थिती आहे.

टेक्सस हे एकच राज्य असते, तर त्याच्या रांगड्या परंपरेकडे बोट दाखवून हा विषय सोडून देता आला असता. परंतु तसे नाही. २०१० पूर्वी अंगावर पिस्तूल लपवून बाळगण्यास परवाना न मागणारी राज्ये केवळ दोन होती. त्यांपैकी व्हर्माँटमध्ये अशा परवान्याची सक्ती कधीच नव्हती, आणि अलास्काने ती २००३ मध्ये काढून टाकली. २०१० मध्ये ॲरिझोना त्यांच्या पंक्तीस जाऊन बसले. त्यानंतर ही लाट अशी पसरली, की २०२२ मध्ये जॉर्जिया, ओहायो, इंडियाना व अलाबामा, २०२३ मध्ये फ्लॉरिडा व नेब्रास्का आणि २०२४ मध्ये लुइझियाना व साउथ कॅरोलायना ही राज्ये त्यात सामील झाली, आणि २०२४ अखेर पन्नासांपैकी एकोणतीस राज्यांत परवान्याची सक्ती उरली नाही. लुइझियानात २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेले असेच विधेयक तेव्हाच्या गव्हर्नरांनी आपला नकाराधिकार वापरून परत पाठविले होते. तीन वर्षांनी गव्हर्नर बदलले आणि विधेयकाचा कायदा झाला.

सातासमुद्रापलीकडील या वादाची उठाठेव मराठी वृत्तपत्राने कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर आमच्या वाचकांच्या घरांतच आहे. ह्यूस्टन, डॅलस, अटलांटा, कोलंबस ही नावे आता पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत नाशिक-नागपूरइतकीच ओळखीची झाली आहेत. कोणाचा मुलगा तेथे अभियंता आहे, कोणाची मुलगी विद्यापीठात शिकत आहे, कोणाचे भाचे-पुतणे दुकान किंवा पेट्रोल पंप चालवीत आहेत. २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्सस राज्यातील ओलेथ या गावी एका भारतीय अभियंत्यास केवळ त्याच्या रूपरंगामुळे गोळी घालून ठार करण्यात आले, तेव्हा येथील कित्येक घरांत रात्रभर दूरध्वनी खणखणत होते. त्या राज्यात परवान्याची अट त्यापूर्वी दोन वर्षे निघालेली होती. त्या एका खुनाचे खापर परवान्याच्या कायद्यावर फोडणे न्यायाचे होणार नाही. द्वेषाने पेटलेला मनुष्य परवान्यासाठी अडून बसत नाही, हे आम्ही जाणतो. पण आपली माणसे ज्या रस्त्याने चालतात, त्या रस्त्यावर कोणाच्या कमरेस काय लटकते आहे याची चिंता करण्याचा अधिकार येथील आईबापांस निश्चितच आहे. दुसरे उत्तर आपल्या देशाविषयीचे आहे. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहो.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडणे आणि मग ती खोडून काढणे हा वादाचा प्रामाणिक मार्ग नव्हे. म्हणून परवाना नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची दुसरी दुरुस्ती लोकांचा शस्त्र बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क मान्य करते. हक्क म्हटला की त्यासाठी सरकारच्या दारात अर्ज घेऊन उभे राहणे आले कोठून, असे ते विचारतात. भाषण करण्यास किंवा प्रार्थना करण्यास परवाना लागत नाही. मग स्वसंरक्षणासच तो का लागावा? त्यांचा दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. दरोडेखोर परवाना काढून दरोडा घालीत नाही. परवान्याच्या खेपा, शुल्क आणि विलंब हे सारे सज्जनाच्याच वाट्यास येते. चोर सोडून संन्याशाला फाशी असा हा प्रकार आहे, असे ते म्हणतात. जेथे सर्वांत जवळचे पोलीस ठाणे तासाभराच्या अंतरावर आहे, अशा विरळ वस्तीच्या मुलखात एकट्याने राहणाऱ्या स्त्रीस हा युक्तिवाद पटला, तर तिला दोष देता येणार नाही.

याहूनही बळकट असा त्यांचा तिसरा मुद्दा आहे आणि भारतीय वाचकाने तो विशेष लक्षपूर्वक ऐकावा. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर हक्क सोपविला, की ती मर्जी कोणावर बसते आणि कोणावर नाही, हे इतिहासाने अनेकदा दाखविले आहे. १९५६ मध्ये अलाबामातील माँटगमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यानंतर, पुढे अहिंसेचा जगद्विख्यात पुरस्कर्ता ठरलेल्या या पुरुषाने स्वसंरक्षणासाठी शस्त्र-परवान्याचा अर्ज केला. तो नाकारण्यात आला. कृष्णवर्णीयांचे ‘ब्लॅक पँथर’ पथक ओकलंडच्या रस्त्यांवर उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात १९६७ मध्ये भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेण्यास तातडीने बंदी घालण्यात आली आणि त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन! शस्त्रहक्काचे कैवारी म्हणून पुढे ज्यांचा गौरव झाला, त्यांचीच ही सही. आपल्याला तर हा अनुभव अधिकच जुना आहे. लॉर्ड लिटन याच्या राजवटीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्याची बेडी घातली आणि गोऱ्यांस त्यातून सूट दिली. त्या कायद्याविषयी खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये किती तीव्र निषेध व्यक्त केला होता, हे त्यांच्या आत्मचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे.

तेव्हा परवाना ही वस्तूच पवित्र आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु येथेच एक भेद करणे अगत्याचे आहे आणि या साऱ्या वादात तोच नेमका हरवलेला आहे. परवाना दोन जातींचा असतो. एक परवाना म्हणजे कृपाप्रसाद. अधिकाऱ्याच्या मनास आले तर द्यावा, न आले तर कारणही सांगू नये. दुसरा परवाना म्हणजे पात्रतेचा दाखला. नियम छापलेले असावेत, ते सर्वांस सारखे असावेत, जो ते पुरे करील त्यास परवाना नाकारण्याची अधिकाऱ्यास मुभा नसावी, आणि नाकारलाच तर न्यायालयाचे दार उघडे असावे. पहिल्या जातीचा परवाना हा जुलमाचा हस्तक आहे. दुसऱ्या जातीचा परवाना हा समाजाने व्यक्तीशी केलेला करार आहे: आम्ही तुझा हक्क मानतो, तू आमची सुरक्षितता मान.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याच्या खटल्यात जो निर्णय दिला, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शस्त्र बाळगण्यास आपल्यापाशी विशेष कारण आहे, असे अर्जदाराने सिद्ध केलेच पाहिजे, ही त्या राज्यातील अट न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी घटनाबाह्य ठरविली. घराबाहेर शस्त्र बाळगण्याचाही हक्क घटनेत आहे, असे बहुमताने सांगितले. या निर्णयाचा जयघोष परवानाविरोधकांनी पुष्कळ केला. पण ज्या राज्यांत ठराविक नियम पुरे करणाऱ्यास परवाना द्यावाच लागतो, तेथील पद्धतीस आपण बाध आणीत नाही, हेही त्याच निकालपत्रात नमूद आहे. म्हणजे मर्जीचा परवाना गेला, पात्रतेचा राहिला. पुढे २०२४ मध्ये याच न्यायालयाने, घरातील माणसांस मारहाणीचा धोका उत्पन्न करणारा म्हणून न्यायालयीन आदेशाखाली असलेल्या इसमाचे शस्त्र काढून घेता येते, असा निर्णय आठ विरुद्ध एक मतांनी दिला. शस्त्रहक्काचा इतका व्यापक अर्थ लावणारे न्यायपीठही तो हक्क निरंकुश मानीत नाही, हे यावरून उघड होते. न्यायालयाने जे मागितले नव्हते, ते विधिमंडळांनी आपण होऊन देऊन टाकले आहे. मर्जीचा रोग दूर करण्यासाठी पात्रतेचीच कसोटी फेकून देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

ही कसोटी काय काम करीत होती? शस्त्र विकत घेताना चौकशी होतेच, मग ती पुन्हा कशाला, असे विचारले जाते. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यान्वये परवानाधारक विक्रेत्यास गिऱ्हाइकाची चौकशी करावी लागते हे खरे. पण एका खाजगी माणसाने दुसऱ्यास पिस्तूल विकले, तर मध्यवर्ती कायदा अशी चौकशी मागत नाही. अनेक राज्यांत ते पिस्तूल घेऊन रस्त्यावर येणाऱ्याची पारख होण्याची एकमेव जागा म्हणजे परवान्याची खिडकी होती. तीच आता बंद झाली. दुसरी गोष्ट शिक्षणाची. गोळी कोठे झाडू नये, मागे कोण उभे आहे हे कसे पाहावे, स्वसंरक्षणाची कायदेशीर मर्यादा कोठे संपते, मोटारीत किंवा घरात शस्त्र कसे ठेवावे, या गोष्टी मनुष्य जन्मतः शिकून येत नाही. हक्क जन्मसिद्ध असेल, नेमबाजी जन्मसिद्ध नाही. चार-सहा तासांच्या वर्गाने कोणी निष्णात होत नाही, हे कबूल. पण तेवढाही अभ्यास नको, असे म्हणणे हे स्वातंत्र्याचे नव्हे, बेफिकिरीचे लक्षण आहे.

पोलिसांची अडचण आणखी निराळी आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटा राज्यात एका कृष्णवर्णीय गृहस्थाची मोटार पोलिसाने थांबविली. आपल्यापाशी शस्त्र आहे, असे त्याने स्वतः होऊन सांगितले. त्याच्याजवळ परवानाही होता. तरीदेखील काही क्षणांतच त्या पोलिसाने त्यास गोळ्या घातल्या. दुसऱ्याच दिवशी डॅलस शहरात अशा मृत्यूंच्या निषेधार्थ मोर्चा निघाला असता एका माथेफिरूने नेम धरून पाच पोलिसांस ठार केले. त्या मोर्च्यात काही लोक, टेक्ससच्या कायद्याने मोकळीक असल्यामुळे, खांद्यावर रायफली टाकून आले होते. गोळीबार सुरू होताच मारेकरी कोण आणि मोर्चेकरी कोण, हे ओळखणे दुष्कर झाले आणि अशाच एका निरपराध माणसाचे छायाचित्र संशयित म्हणून पोलिसांनी प्रसृत केले. या दोन दिवसांचा बोध एकच आहे: रस्त्यावर शस्त्रे वाढली, की पोलिसाच्या मनातील भय वाढते आणि त्या भयाचा पहिला बळी बहुधा निरपराधच असतो. टेक्सस व ओहायो येथे परवाना रद्द होण्यास विरोध करणाऱ्यांत पोलिसांच्या संघटनांतील व अधिकाऱ्यांतील कित्येक जण पुढे होते, यात म्हणूनच नवल नाही.

आम्ही आमची जुनी परंपराच परत आणीत आहो, असाही एक दावा आहे. चित्रपटांनी रंगविलेल्या पश्चिमेकडील रानटी मुलखाची साक्ष काढली जाते. परंतु इतिहासाची साक्ष उलट आहे. ॲरिझोनातील टूमस्टोन गावात १८८१ मध्ये असा नियम होता, की गावात शिरताच प्रत्येकाने आपले शस्त्र जमा करावे. चित्रपटांतून अजरामर झालेली २६ ऑक्टोबर १८८१ ची ओ. के. कोराल येथील चकमक ही शस्त्र बाळगण्याच्या स्वातंत्र्यातून नव्हे, तर हा नियम न पाळणाऱ्यांस अडविण्यातून उद्भवली! खुद्द टेक्ससने १८७१ मध्ये पिस्तूल घेऊन हिंडण्यास मनाई केली होती. परवाना घेऊन ते लपवून नेण्याची मोकळीक १९९५ च्या कायद्याने दिली, परवानाधारकास ते उघडपणे नेण्याची मुभा २०१६ पासून मिळाली आणि २०२१ मध्ये परवानाच गेला. तेव्हा ज्यास परंपरा म्हणून मिरविले जाते, ती कालपरवाची नवलाई आहे.

आकड्यांविषयी मात्र आम्ही हात राखून लिहू. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसे मेली. शस्त्र बाळगण्याचे नियम सैल केल्याने गुन्हे घटतात, असे जॉन लॉट यांनी १९९८ मध्ये पुस्तक लिहून प्रतिपादिले. २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन मंडळाने सारा पुरावा तपासून, त्यावरून असा किंवा तसा निष्कर्ष काढता येत नाही, असा अभिप्राय दिला. पुढे स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू व त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नियम सैल केलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळतात, असे दाखविले. हा अभ्यास परवाना सुलभ करणाऱ्या कायद्यांचा आहे, परवाना रद्द करणाऱ्यांचा नव्हे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आणि २०२२ नंतर त्या देशात खुनांचे प्रमाण उतरले, हेही प्रतिपक्ष सांगतो, आणि ते खरे आहे. तरीही एक आकडा असा आहे, की ज्यावर वाद नाही: २०२३ मधील त्या मृत्यूंपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. हाताशी असलेले पिस्तूल सर्वांत अधिक वेळा परक्या दरोडेखोरावर नव्हे, तर त्याच्या धन्यावरच उलटते. क्षणिक निराशा, क्षणिक राग, मोटार पुढे काढण्यावरून झालेली हमरीतुमरी – माणसाच्या या दुबळ्या क्षणांना पिस्तूल पश्चात्तापाची संधी देत नाही.

आता आपल्याविषयी. शस्त्राचा हक्क हा प्रश्न आपल्या राष्ट्रनिर्मात्यांस अपरिचित नव्हता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क अंतर्भूत होता. लिटनच्या कायद्याची ती प्रतिक्रिया होती. डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत ह. वि. कामथ यांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. शस्त्र धारण करण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा प्रसंगी शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्यावर आपण भर दिला पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकास एकत्र जमण्याचा हक्क दिला, तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ या दोन शब्दांनी बांधून. पारतंत्र्यात शस्त्रहीन केलेल्या राष्ट्राने स्वातंत्र्यात विचारपूर्वक हा मार्ग निवडला, हे विसरता कामा नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याने वंशभेद पुसला, पण परवाना ठेवला. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तिनांवरून दोनांवर आणली आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या निर्बुद्ध हौसेस दोन वर्षांपर्यंत कैदेची किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा ठेवली.

मात्र म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी, असे काही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्याच्या आतच गोळीबार केल्याच्या आरोपावरून एका आमदारास अटक झाली, हे महाराष्ट्राने पाहिले. आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात पात्रतेची कसोटी असली, तरी व्यवहारात परवाना हा प्रतिष्ठेचा बिल्ला झाला आहे. ज्याच्या जिवास खरोखर धोका आहे असा साधा मनुष्य खेटे घालतो, आणि ज्याचा वशिला आहे त्याच्या कमरेस पिस्तूल शोभेस लागते. शहरात एखादी भयंकर घटना घडली, की ‘आम्हांलाही शस्त्र द्या’ असा सूर आपल्या मध्यमवर्गातही उमटतो. त्या सुरामागील भीती खरी आहे. तिची चेष्टा आम्ही करणार नाही. परंतु ती भीती हे पोलिसांच्या अपयशाचे गाऱ्हाणे आहे, आणि त्या गाऱ्हाण्याचे उत्तर सरकारकडून वसूल करावयाचे असते. आपापल्या खिशात घालून घरी न्यावयाचे नसते.

अमेरिकेस उपदेश करण्याचा आमचा आव नाही. त्या देशाची घटना निराळी, इतिहास निराळा, आणि आपल्या चुका दुरुस्त करण्याची त्याची शक्तीही मोठी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हक्क आणि परवाना यांत जो विरोध तेथे कल्पिला जात आहे, तो खरा नाही. हक्क माझा आहे. परंतु तो ज्या रस्त्यावर मी बजावू इच्छितो, तो रस्ता सर्वांचा आहे. त्या रस्त्यावर शाळेतून परतणारे मूल आहे, बाजारातून येणारी म्हातारी आहे, दिवसभराच्या कामाने थकलेला पोलीस आहे. माझ्या कमरेला पिस्तूल आहे, एवढेच त्यांस दिसते. माझ्या मनात काय आहे, हे दिसत नाही. त्यांच्या वतीने मला दोन प्रश्न विचारणारा कोणी असावा – तू कोण आहेस, आणि हे तुला हाताळता येते का? या दोन प्रश्नांचे नाव परवाना. ते प्रश्न उद्धटपणे किंवा पक्षपाताने विचारले जात असतील, तर विचारणाऱ्यास सुधारावे; प्रश्नच बंद करू नयेत. जो समाज ते विचारणे सोडून देतो, त्याने स्वातंत्र्य वाढविले असे आम्हांस वाटत नाही. त्याने केवळ परस्परांवरील विश्वासाची जागा परस्परांच्या धाकास देऊन टाकली, असे आम्ही म्हणू.